दहावीचे दोन विषय राहिलेत, भाचा गॅरेजमध्ये रमलाय. मग शाळा पूर्ण करायची कशासाठी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. भाचा सोळा वर्षांचा आहे. दहावीला गणित आणि इंग्रजी राहिलं. निकालानंतर ओळखीनं तालुक्याच्या गावी दुचाकीच्या गॅरेजवर जायला लागला. हात चांगला बसलाय, मालक महिन्याला सात हजार देतो, आणि आता तो म्हणतो की परीक्षा-बिरीक्षा नको, पाच वर्षांत स्वतःचं गॅरेज टाकतो. बहीण काळजीत आहे. मेहुणे म्हणतात, शिकून तरी कुणी काय दिवे लावलेत, गल्लीतला बीए झालेला पोरगा घरीच बसलाय. आणि मामा म्हणून तुम्हाला विचारायचंय, की दहावी पूर्ण केल्यानं खरंच काही फरक पडतो, की आपणच उगाच पोराच्या मागे लागलोय?

मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात पर्सोनेल खात्यात वीसेक वर्षं काढली. भरती, हजेरी, ठेकेदाराची माणसं, अॅप्रेंटिस म्हणजे शिकाऊ उमेदवार, सगळं त्यात आलं. आता आयटीआयच्या पोरांना अॅप्रेंटिसशिप मिळवून देण्याच्या कामात हातभार लावतो. म्हणजे मी शिक्षक नाही. शिक्षणानं माणूस घडतो वगैरे बोलायचा अधिकार मला नाही, आणि सोळा वर्षांचं पोर ते ऐकूनही घेत नाही. मी बोलणार ते टेबलाच्या पलीकडच्या बाजूनं, जिथं अर्ज येतात आणि बाजूला पडतात.

आधी मेहुण्यांची बाजू घेतो, कारण ती निम्मी खरी आहे. पहिलं काम मिळवायला दहावी लागत नाही. गॅरेजवाला, हॉटेलवाला, कापड दुकानदार, सेंट्रिंगचा ठेकेदार, यातला कुणी मार्कलिस्ट मागत नाही. पोरगा वेळेवर येतो का, उलट बोलतो का, गल्ल्याला हात लावतो का, एवढंच बघतात. सोळा ते वीस या वयात दहावी झालेला आणि न झालेला यांच्या खिशात फरक दिसतच नाही. उलट न शिकलेलाच पुढे दिसतो, कारण तो आधी कमवायला लागलेला असतो. त्याच्याकडे मोबाईल आधी येतो, गाडी आधी येते. त्यामुळे तुमच्या भाच्याला आज जे दिसतंय ते चुकीचं नाही. फक्त ते आजचं आहे.

बीए झालेल्या पोराचं उदाहरण मात्र इथं लागू पडत नाही. त्याची अडचण वेगळी आहे. त्याच्याकडे कागद आहे आणि हातात काम नाही. तुमच्या भाच्याच्या हातात काम आहे आणि कागद नाही. दोघांतला बरा कोण हे ठरवत बसण्यापेक्षा, भाच्याला तो कागद किती स्वस्तात मिळतोय ते बघा. दोन विषय. फक्त दोन. तुम्ही सगळे ‘गॅरेज की शाळा’ असं भांडताय, पण त्याला परत वर्गात बसवायचा प्रश्नच नाही. गॅरेज सुरू ठेवून दोन विषय द्यायचे की नाहीत, एवढाच विषय आहे.

आता ते पेपर का द्यायचे, ते सांगतो.

घोडं अडतं ते दुसऱ्या-तिसऱ्या कामाला. आमच्याकडे ठेकेदाराकडून पोरं हेल्पर म्हणून यायची. त्यांना शिक्षण कोण विचारतो? माल उचल, ट्रे लाव, जॉबच्या कडेची धार घासून काढ. वर्ष-दीड वर्षात त्यातली हुशार पोरं ड्रिलिंग, टॅपिंग, मग सीएनसी म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या आसपास घोटाळायला लागायची. ऑपरेटर चहाला गेला की जॉब लावून बघायची. एक पोरगा तर असा होता की इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारं पातं, झिजलंय हे मशीनच्या आवाजावरून सांगायचा, माप घ्यायच्या आधी. मग कधीतरी कंपनी ठरवायची की ठेक्यावरच्या माणसांतून काही जणांना ट्रेनी म्हणून कंपनीच्या पटावर घ्यायचं. सुपरवायझर नावं द्यायचे आणि यादी माझ्याकडे यायची. माझं पहिलं काम एकच असायचं, शिक्षणाच्या रकान्यावरून हात फिरवणं. ‘नववी पास’, ‘दहावी नापास’ ही नावं तिथंच खाली जायची. त्या आवाजावरून इन्सर्ट ओळखणाऱ्याचं नावही खालीच गेलं. सुपरवायझर भांडला माझ्याशी, आणि त्याचं चुकत नव्हतं. पण नियम माझा नव्हता आणि मोडायची ताकदही माझी नव्हती.

कंपन्या असं का करतात, हे नीट समजून घ्या, म्हणजे भाच्यालाही समजावता येईल. ड्रिलिंग मशीनवर पायथागोरस लागतो म्हणून कुणी दहावी मागत नाही. एक कारण साधं आहे. जागा दहा आणि अर्ज ढीगभर असले की काहीतरी चाळणी लावावीच लागते, आणि दहावी ही सगळ्यांत स्वस्त चाळणी आहे. परीक्षा घ्यायला नको, मुलाखत घ्यायला नको. अन्याय्य आहे का? अनेकदा आहे. पण ती लागते.

दुसरं कारण बाहेरच्यांना माहीत नसतं. वाहन कंपन्यांना माल पुरवणाऱ्या कारखान्यांचं ऑडिट होतं. आयएसओ ९००१, आयएटीएफ १६९४९ ही दर्जाच्या मानकांची नावं तुम्ही गेटवरच्या फलकांवर वाचली असतील. त्यात प्रत्येक कामासाठी माणूस पात्र आहे हे कागदावर दाखवावं लागतं. कंपनीनं स्वतःच लिहून ठेवलेलं असतं, ऑपरेटर म्हणजे किमान दहावी किंवा आयटीआय. ऑडिटर लाईनवर फिरताना एखाद्याचं नाव विचारतो, ऑफिसात येऊन त्याची फाईल मागतो आणि लिहिलेली पात्रता व फाईलमधला दाखला जुळतोय का बघतो. नाही जुळला तर शेरा. तो शेरा कुणालाच नको असतो, म्हणून माणूसच नको असतो. इथं पोराची हुशारी, प्रामाणिकपणा, मालकाची मर्जी, काही चालत नाही.

आणि तिसरं, जन्मतारीख. बोर्डाच्या प्रमाणपत्रावर ती असते आणि पुढे पीएफ, ईएसआय, पासपोर्ट, सगळीकडे तो पुरावा बिनबोभाट चालतो. हे छोटं वाटतं. आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरी तारीख असलेला कामगार पीएफ काढायला हेलपाटे घालतो तेव्हा ते छोटं राहत नाही.

कारखाना नको म्हणेल तो. ठीक आहे. मग बाहेरची दारं बघू, त्यातही जी खेड्यातल्या पोरांच्या नजरेत असतात ती. लष्करात अग्निवीर जनरल ड्युटीला दहावी लागते, एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात किमान ३३. रेल्वेच्या सगळ्यांत खालच्या गटालाही दहावी किंवा आयटीआय. पोलीस शिपायाला बारावी. आणि ग्रामीण डाक सेवकाची गोष्ट तर तुमच्या भाच्यासाठीच आहे. त्या भरतीला लेखी परीक्षाच नसते, दहावीच्या गुणांवर यादी लागते, आणि दहावीला गणित व इंग्रजी हे विषय उत्तीर्ण असावे लागतात. नेमके तेच दोन. सरकारी नोकरी सगळ्यांना मिळत नाही, तिच्या आशेवर पोराला बसवून ठेवू नका. पण चाळिशीपर्यंत ज्या भरतीला अर्ज करता येतो, ते दार सोळाव्या वर्षी आपल्या हातानं बंद करायची गरज नाही.

अॅप्रेंटिसशिपमध्ये तर शिक्षणाची पायरी सरळ रुपयांत लिहिलेली आहे. २०१९ मध्ये सुधारलेल्या नियमांत किमान विद्यावेतन असं होतं: पाचवी ते नववी शिकलेल्याला महिना ५,०००, दहावीला ६,०००, बारावी किंवा आयटीआय झालेल्याला ७,०००, डिप्लोमाला ८,०००, पदवीला ९,०००. आकडे वेळोवेळी बदलतात, पायऱ्या राहतात. भाचा म्हणेल, मला आत्ताच सात मिळतात! बरोबर. पण अॅप्रेंटिसशिपच्या शेवटी परीक्षा आणि देशभर चालणारं प्रमाणपत्र असतं. गॅरेजच्या शेवटी मालकाची ओळख असते.

आता एक मुद्दा, जो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो आणि ज्यावर घरात कुणी बोलत नाही. आजची अट बघून निर्णय घ्यायचाच नसतो. तुमचा भाचा पंचवीस वर्षांचा होईल तेव्हा अट काय असेल, ते बघायचं असतं. अंगणवाडीचं उदाहरण घ्या. पूर्वी मदतनीस सातवीवर लागायची आणि सेविका दहावीवर. २०२३ पासून महाराष्ट्रात दोन्ही पदांना बारावी लागते. गावातली जी मुलगी सातवी-आठवीवर थांबली, ‘मदतनीस म्हणून तर लागेन’ म्हणाली, तिच्या पायाखालची पायरी काढून घेतली. तिनं काहीच चूक केली नव्हती, अट वर सरकली. पोलीस शिपायाचंही तेच, दहावीची बारावी झाली. उलटं उदाहरणही आहे, ते लपवत नाही. व्यावसायिक वाहनाच्या परवान्याला पूर्वी आठवी पासची अट होती, ती २०१९ मध्ये केंद्रानं काढून टाकली. ट्रक-टेम्पो चालवायला आज शाळेची अट नाही. पण अशी खाली आलेली अट मला ही एकच पटकन आठवते, वर गेलेल्या मोजायला बसलो तर रात्र होईल.

पासपोर्टचं तर बहुतेकांना एजंटच्या ऑफिसात गेल्यावर कळतं. दहावी उत्तीर्ण नसलेल्या माणसाचा पासपोर्ट साधारणपणे ‘ईसीआर’ प्रकारचा निघतो. म्हणजे सौदी, कतार, कुवेत, ओमान, अमिराती, मलेशिया अशा ठरावीक देशांत नोकरीला जाताना त्याला प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. दहावीचं प्रमाणपत्र जोडलं की पासपोर्ट त्या अटीतून सुटतो. ही व्यवस्था १९८३ च्या कायद्यातली आहे आणि हेतू चांगला आहे, कमी शिकलेल्या मजुरांची फसवणूक होऊ नये हा. पण प्रत्यक्षात अशा पोराला एक कागद जास्त लागतो, आणि त्या जास्तीच्या कागदाचे पैसे एजंट वसूल करतात. रत्नागिरी-रायगडकडच्या घरांत हे लहान पोरालाही माहीत असतं, कारण घरटी कुणीतरी आखातात असतं. आपल्या भागात माहीत नसतं. मेकॅनिकला आखातात मागणी असते, हे तुमच्या भाच्याला कुणीतरी गॅरेजमध्ये सांगेलच एक दिवस.

बरं, तो म्हणतो मला कुठंच जायचं नाही, मी माझं गॅरेज टाकणार. मग गॅरेजमध्येच या. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज ६ हा गाड्यांच्या धुराचा नियम लागू झाला. त्याबरोबर साध्या शंभर सीसीच्या बहुतेक गाड्यांतूनही कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. जुना मिस्त्री पेट्रोलमध्ये जेट धुऊन, एअर स्क्रू अर्धा फेरा फिरवून गाडी लाईनवर आणायचा. ते आता बहुतांशी रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांपुरतं उरलंय, आणि दर वर्षी त्या गाड्या कमी होणार. नव्या गाडीला स्कॅनर लावावा लागतो. स्कॅनरच्या पडद्यावर कोड येतो, समजा पी-०११३, आणि पुढे इंग्रजीत एक ओळ येते. ती ओळ सांगते की आत येणाऱ्या हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त दिसतंय. ज्याला ती ओळ वाचता येते तो आधी कनेक्टर आणि वायर तपासतो. ज्याला येत नाही तो सेन्सर बदलून बघतो, मग दुसरा पार्ट बदलून बघतो, आणि गिऱ्हाईक बिल बघून पुन्हा येत नाही. वायरिंग डायग्राम इंग्रजीत, सर्व्हिस मॅन्युअल इंग्रजीत, नटाला टॉर्क किती द्यायचा, म्हणजे तो किती जोरानं आवळायचा, ते न्यूटन-मीटरमध्ये. विजेवरच्या गाड्या आल्या की मल्टिमीटर धरल्याशिवाय काहीच कळणार नाही, आणि तिथं व्होल्ट-अँपिअरचं गणित आलं.

म्हणून दहावीचं इंग्रजी आणि गणित आलं की तो मोठा मेकॅनिक होईल असं मी म्हणत नाही. त्या पेपरात स्कॅनर नाही. पण इंग्रजीची ओळ दिसली की घाबरून मान फिरवायची सवय सोळाव्या वर्षी सुटली तर सुटते, पस्तिसाव्या वर्षी नाही सुटत. आणि कंपन्यांच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये, जिथं नव्या गाड्यांचं प्रशिक्षण फुकट मिळतं, तिथं टेक्निशियन म्हणून घ्यायला बहुतेक ठिकाणी आयटीआय नाहीतर निदान दहावी मागतात. स्वतःचं गॅरेज टाकायचं असलं तरी दोन वर्षं तिथं काढणं फायद्याचं. कर्जाचं म्हणाल तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात सेवा व्यवसायाचा प्रकल्प ५ लाखांवर असेल तर आठवी पास लागतं, ते तो आहेच. तेव्हा दहावी नसेल तर कर्जच मिळणार नाही, अशी भीती घालू नका. खोटी भीती पोरं ओळखतात, आणि मग खरीवरही विश्वास ठेवत नाहीत.

आता कशावर काय अवलंबून आहे ते. घरी त्याच्या सात हजारांवर चूल पेटत असेल तर माझं सगळं बोलणं दुसऱ्या क्रमांकावर. आधी चूल. पण तसं असेल तरी दोन विषयांसाठी नोकरी सोडावी लागत नाही. दुसरं, तो नापास का झाला? आळसानं, मोबाईलनं, मास्तरांच्या धाकानं, की त्याला खरंच आकडे-अक्षरं लागत नाहीत? हे नीट बघा. काही मुलं तोंडी हिशेब फाडफाड करतात आणि कागदावर मांडलं की गोंधळतात, अक्षरं उलटसुलट लिहितात. अशी शंका असेल तर सरकारी रुग्णालयातल्या ठरलेल्या केंद्रावर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. तसं प्रमाणपत्र असेल तर राज्य मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो आणि गणिताच्या बाबतीतही सवलत असते. आपल्याकडे अशी मुलं ‘ढ’ म्हणून शाळेतून बाहेर पडतात आणि नेमकी ती हाताच्या कामात तरबेज असतात. तुमचा भाचा तसा आहे की नाही, हे मी इथून सांगू शकत नाही. शाळेतल्या त्याच्या जुन्या वह्या चाळल्यात तर अंदाज येईल.

तिसरं, मालक कसा आहे. काही मिस्त्री पोराला शिकवतात, इंजिन उघडायला बसवतात. काही पाच वर्षं पंक्चर आणि धुलाईतच ठेवतात, कारण शिकलेला पोरगा समोरच गॅरेज टाकतो हे त्यांना माहीत असतं. भाच्याला एवढंच विचारा, गेल्या महिन्यात तू कुठलं नवं काम एकट्यानं केलंस? उत्तरावरून कळेल.

इथवरचं थोडक्यात: आज त्याचं चाललंय ते बरं चाललंय, गॅरेज सोडायला लावू नका. अडणार आहे ते पुढे, बाविशी-पंचविशीत, जिथं काम येऊनही कागदासाठी हात आखडतील. आणि कागदाची किंमत आज फक्त दोन विषय आहे. चार वर्षांनीही विषय दोनच राहिले, तरी तेव्हा लग्नाचं बघत असतील, गॅरेजची जबाबदारी असेल, आणि सोळा वर्षांच्या पोरांत परीक्षेला बसायची लाज वाटेल. पंचविशीत परत आलेले मी पाहिलेत. त्यांना गणित अवघड गेलं नाही, वर्गात शिरणं अवघड गेलं.

वाट कशी काढायची ते सांगतो. तो एकदा परीक्षेला बसलेला असल्यामुळे त्याला १७ नंबरचा फॉर्म भरायची गरज नाही. तो फॉर्म मध्येच शाळा सोडलेल्यांसाठी, खाजगीरीत्या पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी असतो. भाचा पुनर्परीक्षार्थी आहे. जुन्या शाळेत जाऊन अर्ज भरायचा, उत्तीर्ण झालेल्या विषयांची सूट घ्यायची आणि फक्त गणित-इंग्रजी द्यायचं. वर्षात दोन संधी मिळतात, फेब्रुवारी-मार्चची मुख्य परीक्षा आणि निकालानंतर होणारी पुरवणी. एक किंवा दोन विषय राहिलेल्याला अकरावीत एटीकेटीनं तात्पुरता प्रवेशही मिळतो, हे बहिणीला माहीत नसेल तर सांगा.

पास व्हायला ३५ लागतात. गणितात सगळं शिकायला बसू नका, वेळही नाही आणि उत्साहही नाही. संख्याशास्त्र, संभाव्यता, अर्थनियोजन, दोन चलांतील रेषीय समीकरणं, भूमितीत रचना आणि महत्त्वमापन, एवढं घट्ट केलं तर काम होतं. अर्थनियोजनात जीएसटी आहे, तो त्याला गॅरेजच्या बिलावर शिकवा. १८ टक्के म्हणजे किती, हे त्याला पुस्तकापेक्षा पार्टच्या पावतीवर लवकर कळेल. इंग्रजीत पत्र, उतारा आणि व्याकरणाचे साधे प्रकार रोज थोडे लिहून काढायचे. वाचून नाही, लिहून. गॅरेजवर दिवसभर उभं राहिलेलं पोर रात्री वाचायला बसलं की झोपतं.

इंग्रजी किंवा गणित काही केल्या निघत नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्था, म्हणजे एनआयओएस, आहे. तिथं पाच विषय निवडता येतात, त्यात एक भाषा असली की पुरते, आणि आधीच्या बोर्डात पास झालेले दोन विषयांपर्यंत गुण वळते करून घेता येतात. म्हणजे गणित-इंग्रजी टाळूनही दहावी होते. ऐकायला सोपं वाटतं, म्हणून इथं थांबून विचार करा. फिटर, इलेक्ट्रिशियन, मेकॅनिक मोटर व्हेईकल या आयटीआयच्या ट्रेडना दहावीला गणित आणि विज्ञान मागतात. डाक सेवकाला गणित-इंग्रजी मागतात. विषय टाळून मिळवलेली दहावी पासपोर्टला आणि कारखान्याच्या रकान्याला चालेल, पण ज्या ट्रेडमध्ये तुमच्या भाच्याचा जीव आहे, नेमकं तिथंच ती तोकडी पडेल. म्हणून मी आधी दोन प्रयत्न राज्य मंडळाचेच करायला सांगेन.

आयटीआयमध्ये आठवीच्या पात्रतेवरचे ट्रेड आहेत, वेल्डर आणि वायरमन त्यातलेच, आणि दहावी नापास मुलं तिथं जातात. वाईट नाही. पण महावितरणच्या विद्युत सहाय्यक भरतीची जाहिरात निघते तेव्हा आयटीआयच्या प्रमाणपत्राबरोबर बोर्डाची परीक्षाही मागतात. आठवीवर वायरमन झालेला पोरगा खांबावर चढायला तयार असतो, आणि अर्ज भरतानाच अडकतो. याउलट दहावी करून मोटर व्हेईकलची दोन वर्षं केली, तर पुढे पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. हे आज भाच्याच्या डोक्यात नसणार, असायची गरजही नाही.

एक सावधगिरी. ‘घरबसल्या दहावी पास, हमखास’ असं सांगणारे एजंट तुम्हाला भेटतीलच. कुठल्यातरी न ऐकलेल्या बोर्डाची मार्कलिस्ट देतात आणि वीस-तीस हजार घेतात. कारखान्यात ट्रेनीला पर्मनंट करताना आम्ही कागद बोर्डाकडे पडताळणीला पाठवायचो. तो खोटा निघाला की नोकरी तर जायचीच, वर गुन्हा दाखल व्हायचा तो वेगळा. नापास पोराला नोकरी मिळत नसेल, पण खोट्या कागदवाल्याला पुन्हा कुणी गेटच्या आत घेत नाही.

भाच्याशी बोलताना ‘शिकला नाहीस तर आयुष्य वाया जाईल’ हे वाक्य तेवढं टाळा. त्याचा मालक बहुधा नववी-दहावीच शिकलेला असेल आणि बंगला बांधून बसला असेल. तुमचं वाक्य तिथंच पडतं. त्यापेक्षा त्याच मालकाशी तुम्ही जाऊन बोला. फेब्रुवारीत पंधरा दिवस सुट्टी आणि रोज संध्याकाळी तासभर आधी सोडायचं, एवढंच मागा. बहुतेक मिस्त्री नाही म्हणत नाहीत, कारण स्कॅनर त्यांनाही नीट वाचता येत नाही आणि वाचणारा पोरगा हाताशी असलेला बरा. आणि अर्ज भरायला शाळेत जाल तेव्हा आधार कार्ड बरोबर न्या. नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव आणि जन्मतारीख शाळेच्या रजिस्टरशी अक्षर न् अक्षर जुळतंय का ते क्लार्कसमोर बसून तपासा. स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर कमी-जास्त असेल तर ते आत्ताच, मुख्याध्यापकांच्या सहीनं दुरुस्त करून घ्या. प्रमाणपत्र छापून आल्यावर तीच दुरुस्ती विभागीय मंडळाच्या कार्यालयातून करून आणावी लागते, आणि तिथं हेलपाटे तुम्हालाच मारावे लागतील, भाचा गॅरेजवर असेल.